फाइल आली की फंक्शन चालावे : टेराफॉर्मने एस-थ्री आणि लॅम्डा जोडताना

क्लाउडचे काम शिकू पाहणाऱ्या नवख्यांना, विशेषतः जळगाव, धुळे, नंदुरबार भागात राहूनच ते शिकणाऱ्यांना, मी सरावासाठी एकच छोटे पण पूर्ण काम सुचवतो : स्टोरेजमध्ये फाइल येऊन पडली की तिच्यावर प्रक्रिया करणारे फंक्शन आपोआप चालले पाहिजे, आणि ही सगळी मांडणी कन्सोलवर (क्लाउडच्या वेब पानावर) माउस फिरवून नव्हे, तर टेराफॉर्म या, क्लाउडची मांडणी कोडमध्ये लिहून घेणाऱ्या साधनातून उभी राहिली पाहिजे. यात पायथनच्या ओळी फारशा लागत नाहीत. बहुतेक वेळ परवानग्या आणि जोडणी समजून घेण्यात जातो, आणि नोकरीत रोज उपयोगी पडते तेही नेमके हेच.

माझे स्वतःचे काम केळीच्या व्यवहाराशी संबंधित आहे. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात गाडी भरून काट्यावर वजन झाले की काटा पावतीचा फोटो मोबाइलवरून एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल-साठवणीतील बकेटमध्ये (फाइलींच्या कप्प्यात) येतो, लॅम्डा या, सर्व्हर न सांभाळता कोड चालवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेतील फंक्शन तो फोटो लहान करते आणि त्याची नोंद डेटाबेसमध्ये टाकते. हंगामात एकाच वेळी पुष्कळ फोटो येऊन पडतात, तर एरवी तासन्‌तास काहीच येत नाही. अशा कामासाठी चोवीस तास सर्व्हर चालू ठेवणे म्हणजे रिकाम्या गोदामाचे भाडे भरण्यासारखे आहे. लॅम्डामध्ये फंक्शन चालले तेवढ्याचेच पैसे पडतात आणि दरमहा पहिल्या १० लाख विनंत्या मोफत असतात, त्यामुळे सरावाचा खर्च जवळपास नसतोच. बकेट आणि फंक्शन एकाच रीजनमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या एकाच भौगोलिक विभागात, असावे लागते, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे. आपल्याकडून बहुधा २०१६ साली सुरू झालेले मुंबई रीजनच निवडले जाते.

कन्सोलवर ट्रिगर (फाइल आली की फंक्शन चालवणारी जोडणी) जोडला की ॲमेझॉन आवश्यक ती परवानगी गुपचूप स्वतःच तयार करते, आणि म्हणूनच कन्सोलवर शिकलेल्या माणसाला अशी परवानगी असते हेच ठाऊक नसते. टेराफॉर्ममध्ये ती आपल्यालाच लिहावी लागते. येथे दोन वेगवेगळ्या परवानग्या आहेत आणि त्यांची गल्लत हेच नवख्यांच्या अडखळण्याचे सर्वांत मोठे कारण मला दिसते. पहिली म्हणजे फंक्शनची एक्झिक्युशन रोल : फंक्शनने बकेटमधून काय वाचावे आणि लॉग (चालतानाच्या नोंदी) कोठे लिहावेत, हे ती ठरवते. दुसरी फंक्शनवरच लावलेली असते आणि फंक्शनला हाक मारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ती सांगते. टेराफॉर्ममध्ये तिच्यासाठी लॅम्डा परमिशन हा स्वतंत्र रिसोर्स (कोडमधील घटक) आहे आणि त्यात प्रिन्सिपल, म्हणजे हाक मारणारा, म्हणून एस-थ्री, तर सोर्स म्हणून आपल्याच बकेटचा एआरएन (ॲमेझॉनमधील पूर्ण ओळख) द्यायचा असतो. बकेटची नावे जगभर सामायिक असल्यामुळे, एखादी बकेट पुसली गेल्यावर तेच नाव उद्या दुसरा कोणी घेऊ शकतो; म्हणून सोर्स अकाउंट, म्हणजे आपल्या खात्याचा क्रमांकही लिहावा.

ही दुसरी परवानगी अस्तित्वात नसताना बकेटवर नोटिफिकेशन (फाइल आली की फंक्शनला कळवण्याची नोंद) लावायला गेल्यास एस-थ्री ते स्वीकारत नाही, कारण समोरचे फंक्शन आपली हाक घेईल की नाही याची खात्री ते त्याच क्षणी करून घेते. ‘डेस्टिनेशन कॉन्फिगरेशन व्हॅलिडेट करता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि नवखा माणूस फंक्शनचा कोड तपासत बसतो. नोटिफिकेशन परवानगीवर अवलंबून आहे हे टेराफॉर्मला आपोआप कळत नाही. ते ‘डिपेंड्स ऑन’ लिहून सांगावे लागते. असे न लिहिलेले कोडही कधीकधी चालून जाते, कारण त्या वेळी परवानगी योगायोगाने आधी तयार झालेली असते.

नोटिफिकेशनच्या रिसोर्सचा आणखी एक गुण लक्षात ठेवावा. तो बकेटच्या एकूण यादीत एका नोंदीची भर घालत नाही, तर संपूर्ण यादीच नव्याने लिहितो. एकाच बकेटवर दोन सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या फाइलींत असे रिसोर्स लिहिले, तर एकाने लावलेली जोडणी दुसरा पुसतो आणि कोणालाही एरर दिसत नाही. म्हणून एका बकेटला एकच नोटिफिकेशन रिसोर्स ठेवावा आणि त्याच्या आत हवे तेवढे लॅम्डा ब्लॉक प्रीफिक्स आणि सफिक्स (फाइलच्या नावाची सुरुवात आणि शेवट) देऊन लिहावेत. लहान केलेला फोटो त्याच बकेटमध्ये परत लिहिण्याचा मोहही टाळावा, कारण ती नवी फाइल पुन्हा फंक्शनला जागे करते आणि हे चक्र बिल वाढवू शकते. प्रीफिक्स वेगळा ठेवूनही हे थांबते, पण मी दोन बकेटच पसंत करतो.

आता मराठी नावांच्या फाइलींविषयी सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्यांना हा प्रसंग सहसा भेटत नाही. घटनेच्या जेसनमध्ये, म्हणजे फाइल आल्याची माहिती फंक्शनला ज्या मजकुरातून मिळते त्यात, फाइलचे नाव जसेच्या तसे येत नाही, ते यूआरएल-एन्कोड होऊन येते. ‘काटा पावती’ या नावातील मोकळ्या जागेचे अधिकचे चिन्ह होते. क आणि त्याचा काना यांचे प्रत्येकी तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरे, अशा हिशेबाने नुसत्या ‘का’ची १८ अक्षरे होतात. हे नाव तसेच वापरून फाइल मागितली तर ती सापडत नाही. पण ‘फाइल नाही’ असे उत्तर मिळेलच असेही नाही : फंक्शनला बकेटची यादी पाहण्याची परवानगी नसेल, तर एस-थ्री ४०४ ऐवजी ४०३, म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’ सांगते. मग माणूस चांगली असलेली रोल पुन्हा पुन्हा बदलत राहतो आणि शेवटी वैतागून तिला सगळेच अधिकार देऊन टाकतो. उपाय पायथनच्या ‘अनकोट प्लस’ या एका फंक्शनचा आहे. नुसते ‘अनकोट’ अधिकच्या चिन्हाची मोकळी जागा करत नाही. लॉगमध्ये नाव मुळात आले तसे आणि उलगडल्यानंतरचे, असे दोन्ही छापावे, म्हणजे दोष लगेच नजरेत येतो.

इव्हेंट, म्हणजे कोणत्या घटनेवर फंक्शन चालावे ते, निवडताना फक्त ‘पुट’ (एका दमात चढवलेली फाइल) घेऊ नये. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी चढते आणि तिचा इव्हेंट वेगळा असतो, त्यामुळे लहान फोटोंवर फंक्शन चालते आणि मोठ्या पीडीएफवर गप्प राहते. ‘ऑब्जेक्ट क्रिएटेड’चे सर्व प्रकार घ्यावेत. एकच घटना दोनदाही येऊ शकते, शिवाय फंक्शन अपयशी ठरल्यास लॅम्डा आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करते. तेव्हा डेटाबेसमधील नोंद फाइलच्या नावावरून अशी करावी की दुसऱ्यांदा आली तरी वजन दुप्पट होणार नाही. व्यापाऱ्याचा हिशेब चुकला तर ‘इव्हेंट दोनदा आला’ हे उत्तर तो ऐकून घेणार नाही. टाइमआउट, म्हणजे फंक्शनला चालण्यासाठी मिळणारा कमाल वेळ, मुळात ३ सेकंदांचा असतो. फोटोच्या कामाला तो अपुरा पडतो, म्हणून तो वाढवावा.

कोड बदलूनही ‘काहीच बदल नाही’ असे टेराफॉर्म सांगत असेल, तर ‘सोर्स कोड हॅश’ (कोड बदलला की बदलणारा त्याचा ठसा) लिहिले आहे का ते पाहावे. स्टेट फाइल (टेराफॉर्मने काय उभे केले त्याची नोंद) गिटमध्ये टाकू नये, कारण तिच्यात गुपिते उघड्या स्वरूपात असू शकतात.

सराव संपला की डिस्ट्रॉय ही, सगळी मांडणी काढून टाकणारी टेराफॉर्मची आज्ञा चालवावी. बकेटमध्ये फाइली असतील तर टेराफॉर्म ती काढू शकत नाही. सरावाच्या बकेटवर ‘फोर्स डिस्ट्रॉय’ (फाइलींसह बकेट काढण्याची मुभा) आधीच लावून ठेवावे, खऱ्या पावत्यांच्या बकेटवर मात्र ते लावू नये. फंक्शनने स्वतः तयार केलेला लॉग ग्रुप टेराफॉर्मच्या नोंदीत नसल्यामुळे मागे उरतो आणि त्यातील लॉग मुदतीशिवाय साठत राहतात, म्हणून तोही पहिल्या दिवसापासून कोडमध्येच, १४ दिवसांची मुदत देऊन लिहावा.