मोबाइलला रोजनिशीचे काम कसे लावावे

१९९६ साली पाम कंपनीचा ‘पायलट’ हा तळहातावर मावणारा संगणक आला, तेव्हा त्याच्या पडद्याखाली चार कामांसाठी चार बटणे होती : दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे. त्याच्या पहिल्या आवृत्तीची मेमरी अवघी १२८ केबी होती आणि तो दोन बारीक सेलांवर चालत असे, तरी लोकांनी खिशातली डायरी त्याच्यासाठी बाजूला ठेवली, कारण हवी ती नोंद एका बटणावर उघडत होती. आज सोलापुरातल्या नव्या पेठेत मिळणारा साधा मोबाइलही त्याहून कितीतरी पटींनी समर्थ आहे. मात्र ही चार कामे त्यात इतर अॅपांच्या गर्दीत विखुरलेली असतात. म्हणून सर्वप्रथम या चारही अॅपांची चिन्हे पडद्याच्या तळओळीत आणून ठेवावीत.

त्यानंतर नोंदींची वाटणी करावी. जिला ठरलेला दिवस आणि वेळ आहे ती गोष्ट दिनदर्शिकेत लिहावी. जी करायची आहे, पण चार दिवस मागेपुढे चालेल, ती कामांच्या यादीत लिहावी. ही सरमिसळ झाली की न झालेली कामे रोज पुढे ढकलली जातात आणि काही दिवसांनी सूचना वाजली तरी आपण तिच्याकडे पाहत नाही.

दिनदर्शिकेचा खरा उपयोग आपल्याकडे नळाच्या पाण्यासाठी होतो. पाणी रोज येत नसल्यामुळे पाळी लक्षात ठेवावी लागते. तुमच्या भागात ती चार दिवसांनी येत असेल, तर ‘पाणी’ अशी नोंद करून पुनरावृत्तीत दर चार दिवसांनी असे निवडावे आणि एक सूचना आदल्या रात्रीची, दुसरी अर्ध्या तासापूर्वीची लावावी. पाळी एक दिवस पुढे गेली, तर नोंद उघडून तारीख बदलावी आणि जतन करताना ‘ही व यापुढील सर्व’ हा पर्याय निवडावा. केवळ तेवढीच नोंद बदलली तर पुढचे सगळे दिवस चुकतात.

सणांच्या बाबतीत सावध राहावे. आषाढी एकादशी तिथीनुसार येते, त्यामुळे तिला वार्षिक पुनरावृत्ती लावू नये. पंचांग पाहून दरवर्षी नव्याने नोंद करावी. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची आठवण मात्र जानेवारीच्या आरंभी कायमची लावता येते.

कामांच्या यादीत नुसते ‘बिल’ लिहू नये, ‘विजेचे बिल भरणे’ असे लिहावे. पत्त्यांमध्ये नावापुढे व्यवसाय आणि भाग लिहावा, म्हणजे ‘प्लंबर जुळे सोलापूर’ असे शोधताच माणूस सापडतो. टिपणांत चष्म्याचा नंबर, गॅसचा ग्राहक क्रमांक अशी माहिती ठेवावी, एटीएमचा पिन कधीही नाही.

शेवटचे काम मी स्वतः टाळले होते. प्रवासात माझा मोबाइल हरवला, तेव्हा बरेचसे क्रमांक गूगलसारख्या ऑनलाइन खात्यात नव्हे, तर त्या यंत्रातच साठवलेले होते आणि ते परत मिळाले नाहीत. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन संपर्क, दिनदर्शिका, कामे आणि टिपणे या चारही गोष्टी आपल्या खात्याशी जोडलेल्या आहेत का ते पाहावे, आज एक नवी नोंद करावी आणि घरातल्या संगणकावर तेच खाते उघडून ती तेथे दिसते का, याची खात्री करून घ्यावी.