वजनकाट्यावर रोज चढणाऱ्यांनो, या चुका टाळा

सुरुवात काट्यापासूनच करतो. जिममध्ये शिकवताना हातची चांगली मुलं काट्यावरचा रोजचा आकडा म्हणजेच चरबी समजण्याच्या एका चुकीपायी सोडून जाताना मी पाहिली आहेत.

एक मुलगा लग्नाला दीड महिना उरला असताना आला. भात-पोळी बंद, दिवसभर काकडी आणि सूप. सहा दिवसांत साडेतीन किलो उतरले. "सर, चरबी जळतेय!" मी सांगत होतो, अरे, ते बहुतेक पाणी आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (भात-पोळीतून बनणारा शरीराचा ऊर्जासाठा) साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी सुटली की साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. १ किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. साडेतीन किलो चरबी सहा दिवसांत जाळायची तर रोज साडेचार हजारांची तूट हवी. तेवढं त्याचं शरीर दिवसभरात खर्चही करत नव्हतं.

मग केळवणं सुरू झाली. दोन दिवस पोटभर जेवला, अडीच किलो परत. तो हादरला, पुन्हा उपाशी राहिला आणि स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) मारताना चक्कर येऊन कोसळला. रॅकला सेफ्टी पिना, म्हणजे पडणारा बार अडवणारे आडवे दांडे, होत्या म्हणून बार मानेवर आला नाही. तेव्हापासून बारखाली उभं करण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो, "काल काय काय खाल्लंस?"

माझी पद्धत साधी आहे. सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करायचं आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहायची. बेंबीपाशी टेप लावायची. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी मला पुरतं. उपाशी राहून घाई केली की चरबीबरोबर कमावलेला स्नायूही जातो.

पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून धावू नका, घामातून चरबी जात नाही. नुसत्या क्रंचेसनी (पाठीवर झोपून पोट आखडण्याचा व्यायाम) पोटाचीच चरबी उतरत नाही. रोज छातीचाच व्यायाम मारू नका, भरून यायला स्नायूला एक-दोन दिवस लागतात.

"वरण खातो की, प्रोटीन मिळतंच," हे तर रोजचं. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ५-६ ग्रॅम असतात. वजनं उचलणाऱ्या ७० किलोच्या माणसाला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास लागतात. आधी अंडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या ताटात आणा, पावडरचं नंतर बघू.

शेवटची चूक अधीरपणाची. पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायू नीट वापरायला शिकते म्हणून. आरशात फरक नंतर दिसतो. लोक नेमके त्याच सुमारास व्यायामप्रकार बदलतात किंवा जिमच सोडतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. एक वही ठेवा. मागच्या वेळी ४० किलो सलग ८ वेळा मारले असतील तर आज ९ वेळा बघा. नीट खालपर्यंत जाऊन १२ वेळा झाले की अडीच किलो चढवा, एकदम दहा नाही.