नव्या कन्सोलची दुसऱ्या कन्सोलशी तुलना करताय? या चुका टाळा

गणपतीत कोकणातल्या घरांमध्ये हल्ली एक नवी गजाल रंगते. गावच्या मुलाने नुकताच प्लेस्टेशन ५ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचं यंत्र, घेतलेला असतो, मुंबईचा चुलतभाऊ सॅकमध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स घालून आलेला असतो, आणि आरती-जेवणं आटोपली की दोन्ही एकाच टीव्हीला लागतात. मग ‘माझोच भारी’ यावर रात्र सरते. वाद खुशाल घाला. पण निकाल द्यायचा असेल तर कन्सोल सोडून बाकी सगळं सारखं हवं. बहुतेक घरांत खरी तुलना होते ती टीव्हीच्या सेटिंगची, गेमच्या आवृत्तीची, नाहीतर विजेची, आणि नाव खराब होतं कन्सोलचं. पन्नास हजारांच्या आसपासची वस्तू अशा निकालावरून कमी भावात विकून टाकणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दोन कन्सोल, दोन पोर्ट

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं सेटिंग बहुधा वेगवेगळं लक्षात ठेवतो. पहिल्या पोर्टवर आधी सेट-टॉप बॉक्स होता, तिथे ‘व्हिव्हिड’ मोड लावलेला. तिथे लावलेल्या कन्सोलचे रंग भडक आणि कडा धारदार दिसतात, बघणारे म्हणतात ‘काय क्लिअर आहे’. पण बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो, कारण चित्र सजवायला टीव्ही वेळ खातो. दुसऱ्या पोर्टवर गेम मोड असेल तर तिथलं चित्र सौम्य, पण हालचाल तत्पर. झालं, एकाचं ‘चित्र भारी’ आणि दुसऱ्याचा ‘कंट्रोलर भारी’ असा निकाल लागला, आणि दोन्ही गुण टीव्हीचे!

उपाय सोपा आहे. दोन्ही कन्सोल आळीपाळीने एकाच पोर्टला, एकाच केबलने लावा. गेम मोड चालू, शार्पनेस कमी, मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारं टीव्हीचं सेटिंग) बंद. केबल कन्सोलच्या खोक्यातलीच वापरा, सेट-टॉप बॉक्सची जुनी नको. टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा सिग्नल ‘एन्हान्स्ड’ केला आहे का ते बघा, नाहीतर एचडीआर (उजेड-अंधाराचे जास्त बारकावे दाखवणारं चित्र) मिळतच नाही. एचडीआरचं कॅलिब्रेशन दोन्ही कन्सोलवर पुन्हा करा. काळे भाग राखाडी दिसत असतील किंवा अंधारात काहीच दिसत नसेल, तर प्लेस्टेशनच्या व्हिडिओ सेटिंगमधली आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पट्टा) ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना ते तपासा.

टीव्ही ६० हर्ट्झचा असेल, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच (फ्रेम्स) दाखवत असेल, तर १२० फ्रेम्सची चर्चाच नको. फोर-के आणि १२० हर्ट्झ एकत्र हवं तर एचडीएमआय २.१ लागतं, आणि ते देणारे पोर्ट अनेक टीव्हींवर एक-दोनच असतात.

नाव एक, गेम वेगळा

जीटीए ५ चं उदाहरण घ्या. प्लेस्टेशन ४ ची जुनी डिस्क नव्या प्लेस्टेशन ५ मध्ये घातली की चालते ती जुनीच आवृत्ती, ३० फ्रेम्सची. नव्या कन्सोलसाठीची आवृत्ती मार्च २०२२ मध्ये वेगळी आली आणि ती वेगळी विकत घ्यावी लागते. भावाकडे ती नवी असेल तर त्याच्याकडे गेम लोण्यासारखा पळणारच. त्यात कन्सोलचं कर्तृत्व काय?

एक्सबॉक्सवर स्मार्ट डिलिव्हरी असलेल्या गेमची योग्य आवृत्ती आपोआप उतरते. प्लेस्टेशनवर काही गेमच्या दोन्ही आवृत्त्या समोर येतात आणि चुकून पीएस४ वाली इन्स्टॉल होते. गेमच्या चित्राखालच्या तीन ठिपक्यांत आवृत्ती बघून घ्या.

याच्याच जोडीला मोडचा घोळ. बऱ्याच गेममध्ये ‘परफॉर्मन्स’ (हालचाल सफाईदार) आणि ‘क्वालिटी’ (चित्र जास्त बारकाव्यांचं) असे दोन पर्याय असतात. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंगमध्ये गेम प्रीसेट नावाचा भाग आहे, तिथे एकदा परफॉर्मन्स निवडलं की तो पर्याय मानणारे गेम त्याच मोडमध्ये सुरू होतात. एक्सबॉक्सवर ते गेममध्ये जाऊनच निवडावं लागतं. म्हणून आधी दोन्हीकडचे मोड जुळवा, मग बोला.

आकड्यांची लढाई

सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्सचा (चित्र घडवणाऱ्या चिपच्या ताकदीचं माप), प्लेस्टेशन ५ साधारण १०.३ चा, म्हणून एक्सबॉक्स पुढे? मग एसएसडीचा, म्हणजे गेम साठवणाऱ्या आतल्या वेगवान ड्राइव्हचा, कच्चा वेग बघा: प्लेस्टेशन ५ चा सेकंदाला ५.५ जीबी, सिरीज एक्सचा २.४ जीबी. सोयीचा आकडा उचलला की कोणीही जिंकतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे निघणारे बहुतेक गेम इतके जवळ असतात की ओटीवर बसून फरक ओळखणं कठीण. एक्सबॉक्सचाच धाकटा भाऊ सिरीज एस मात्र वेगळ्या गटातला आहे. तो ४ टेराफ्लॉप्सचा, डिस्क ड्राइव्ह नसलेला, मुळात १४४० पिक्सेलसाठी बनवलेला. त्याला प्लेस्टेशन ५ शेजारी ठेवून ‘एक्सबॉक्स पुसट दिसतो’ म्हणणं अन्यायाचं आहे.

लोडिंगचा वेळ मोजताना एक्सबॉक्सचं क्विक रिझ्युम लक्षात ठेवा. त्यात गेम सोडला तिथूनच उघडतो, त्याला लोडिंग म्हणत नाहीत. गेम पूर्ण बंद करून मगच घड्याळ लावा. आणि जुना गेम एकीकडे यूएसबी हार्ड डिस्कवर, दुसरीकडे आतल्या एसएसडीवर, अशी शर्यत लावू नका.

वीज, पाऊस आणि खारा वारा

इथे आपला कोकण शहरापेक्षा वेगळा पडतो. श्रावण-भाद्रपदात लाइट जाणं नवं नाही. एक कन्सोल इन्व्हर्टरच्या बोर्डावर, दुसरा थेट लाइनवर. लाइट गेली, दुसरा बंद पडला, पुन्हा सुरू करताना प्लेस्टेशनने ‘नीट बंद केला नव्हता’ असा संदेश दाखवून स्टोरेज तपासायला घेतलं. हा बिघाड नाही, तपासणी होऊ द्या. मधेच स्विच मारू नका. रेस्ट मोडमध्ये (पूर्ण बंद न होता झोपलेला) असताना लाइट गेली तरी हेच होतं, म्हणून पावसाळ्यात रात्री पूर्ण बंद करून झोपा. एक्सबॉक्सलाही स्लीपऐवजी शटडाउनवर ठेवा.

इन्व्हर्टरवर खेळायचं तर तो साइन वेव्हचा (लाइनसारखीच वीज देणारा) हवा आणि मागचा स्विच यूपीएस मोडवर, म्हणजे तो झटकन बॅटरीवर जातो. नाहीतर लाइट जाताना कन्सोल रिस्टार्ट होतो आणि ‘कन्सोल खराब’ अशी ओरड सुरू होते.

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस विजांचा असतो. तेव्हा कन्सोलचा प्लग काढाच, पण लॅन केबल आणि डिशची केबलही काढा. डिशच्या वायरीतून आलेला झटका टीव्हीतून एचडीएमआयवाटे कन्सोलपर्यंत पोहोचू शकतो.

समुद्राजवळच्या घरात पोर्टच्या पितळी टोकांवर हिरवट थर धरतो. चित्र मधेच काळं होऊन परत येत असेल तर आधी केबल बदलून बघा, कन्सोलला दोष नंतर. कन्सोल खिडकीशी नको आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनही नको, आत दमट हवा कोंडते. बंद असलेलं घर गणपतीला उघडलं असेल तर खोलीला थोडी हवा लागू द्या, मग चालू करा.

पंख्याच्या आवाजाची तुलना करताना दोन्ही मोकळ्यावर ठेवा. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर अंतर हवं. सिरीज एक्सची गरम हवा वरून बाहेर पडते, त्याच्यावर फुलांची परडी काय, रिमोटसुद्धा ठेवू नये. कोनाड्यात कोंबलेला कन्सोल ओरडणारच.

इंटरनेट

चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय धड पोहोचत नाही. राउटर माजघरात आणि कन्सोल ओटीवर असेल तर ऑनलाइन मॅच अडखळणार, मग तो कोणताही असो. दोघांनाही लॅन केबल लावून बघा. एक अपडेट उतरवत असताना दुसऱ्यावर मॅच खेळून लॅग (नेटमुळे होणारा उशीर) मोजू नका.

मुंबईहून येणाऱ्याने गेम तिथेच उतरवून यूएसबी ड्राइव्हवर आणावेत, म्हणजे गावच्या नेटवर ७०-८० जीबी खेचावे लागत नाहीत. मात्र प्लेस्टेशनने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह एक्सबॉक्स वाचत नाही, आणि उलटही. नव्या कन्सोलचे गेम त्या ड्राइव्हवरून थेट चालत नाहीत, आत कॉपी करावे लागतात. डिजिटल गेम नेट नसताना चालायला हवे असतील तर निघण्याआधी प्लेस्टेशनवर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू करा, एक्सबॉक्सवर तो कन्सोल ‘होम एक्सबॉक्स’ म्हणून लावा. आणि प्लेस्टेशन ५ स्लिमला सुटा डिस्क ड्राइव्ह घेतला असेल तर तो पहिल्यांदा जोडताना नेट लागतंच, तेवढं काम मुंबईतच उरका.