युद्धग्रस्त देशातील सरकारी विद्यापीठात एमबीबीएस : या चुका टाळा

खानदेशातील पालक युक्रेनमधील सरकारी वैद्यकीय विद्यापीठाची चौकशी करताना पहिला प्रश्न सुरक्षिततेचा विचारतात आणि तो रास्तच आहे. मात्र २०२२ मध्ये ‘ऑपरेशन गंगा’ या भारत सरकारच्या सुटका मोहिमेतून सुखरूप परतलेल्या अनेक विद्यार्थ्यांची खरी कोंडी घरी आल्यावर झाली.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे, विद्यापीठ सरकारी आहे म्हणून पदवी भारतात चालेलच असे गृहीत धरणे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि हे सारे प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पूर्ण होणे आवश्यक आहे; पुढे भारतातही १२ महिन्यांची इंटर्नशिप असतेच. युद्धामुळे खंड पडला तरी दहा वर्षांची मुदत आपसूक वाढत नाही, हे एजंट सहसा सांगत नाही.

‘तिकडे बिघडलेच तर दुसऱ्या देशात बदली घेऊ’ हाही असाच भ्रम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने युक्रेनच्या विद्यार्थ्यांना इतर देशांत शिकण्याची सवलत दिली खरी, पण पदवी मूळ विद्यापीठाचीच हवी, या अटीवर. अशी सवलत पुन्हा मिळेल या भरवशावर प्रवेश घेऊ नये. केवळ ऑनलाइन वर्गांवर वर्ष काढणेही धोक्याचे आहे, कारण रुग्णाच्या खाटेपाशी मिळणाऱ्या प्रशिक्षणाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

पैशांचा मेळ न घालणे ही खास आपल्याकडची चूक. तिकडचे सत्र सप्टेंबरात सुरू होते, तर चोपडा-धरणगावकडचा कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. मधल्या काळात एजंटाकडून उसने घेऊन तारण म्हणून दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके त्याच्या कपाटात ठेवू नयेत. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे आणि बँकेची पावती जपावी. दर सत्राअखेरीस शिक्क्यासह गुणपत्रक मागून घ्यावे. पळापळीत डीनच्या कार्यालयातून मूळ कागद काढणे जमत नाही.

दूतावासाची सूचना हाती असूनही हजेरी बुडेल म्हणून थांबणे ही शेवटची, पण जिवावर बेतणारी चूक. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हमधील भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरते देश सोडण्याचा विचार करण्यास सांगितले होते. २४ तारखेला नागरी विमानांसाठी हवाई हद्द बंद झाली आणि युक्रेनमधील सुमी शहरातील विद्यार्थ्यांना ८ मार्चपर्यंत अडकून पडावे लागले. म्हणून परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत आणि पोहोचताच दूतावासाकडे नावनोंदणी करावी.