झडीतलं आभाळ

जुलैत झड लागली की मी भुसावळहून तापीचा पूल ओलांडते आणि यावलच्या बाजूला जाते. तिथं ओळखीच्यांच्या वावरात, केळीच्या कडेला पत्र्याचं शेड आहे. समोर सातपुडा. ढग खाली उतरले की डोंगर कुठं संपला आणि आभाळ कुठं सुरू झालं, ते कळत नाही. मला तेच जलरंगात रंगवायचं असतं.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कॉटनचा घ्या. पातळ कागद या हवेत पापडासारखा वाकतो. ओलसर फळीवर टेप धरत नाही, म्हणून चार क्लिपा लावा. रंग दोनच, अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. त्यांच्या मिश्रणातून निळसर राखाडीपासून मातकट काळ्यापर्यंत सगळे ढग निघतात. तयार काळा मी नेतच नाही, त्यानं आभाळ निर्जीव होतं.

आता खरी गोष्ट, पाण्याची. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरेपर्यंत त्याची कड वाळते. झडीत उलट. अर्धा तास झाला तरी कागद ओलाच. पहिल्या पावसाळ्यात मला ते समजलं नव्हतं. चमक गेलेल्या कागदावर मी पाण्यानं भरलेला ब्रश टेकवला आणि ढगाच्या जागी फुलकोबी उमटली. जास्तीचं पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलतं, म्हणून असं होतं.

तेव्हा कागद तिरपा धरून चमक बघत राहा. चमक आहे तोवरच ढग घाला, आणि ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी, रंग मात्र दाट ठेवा. ब्रश दर वेळी फडक्यावर टिपा. वाळल्यावर रंग फिका पडतो, त्यामुळे डोळ्यांना जरा जास्तच वाटेल इतका गडद लावा. ढगाची उजळ कड जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं टिपून काढा. दूरवर पडणारा पाऊस हवा असेल तर फळी उभी करा. रंग आपोआप डोंगरावर ओघळतो. चमक गेली की हात थांबवा. दुरुस्ती घरी, कागद पूर्ण वाळल्यावर.

वीज कडाडली तर चित्र अर्धवट सोडून पक्क्या घरात जा. उघडं शेड किंवा एकटं कडुनिंबाचं झाड, दोन्ही धोक्याचे.

ओलं चित्र नेण्यासाठी मी साडीचा खोका वापरते. चित्र फळीसकट आत, झाकणाला वरून प्लास्टिक, आणि खोका गाडीवर आडवाच.