डेटोना मनगटावर चढवून बघताना

रोलेक्स डेटोना या घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची डबी, ४० मिमीची असली, तरी नुसत्या व्यासावर जाऊ नका. पट्टा जोडलेली केसची टोकं मनगटाच्या कडेबाहेर डोकावत असतील, तर घड्याळ तुम्हाला मोठं आहे. हात सैल खाली सोडून आरशात बघा, कारण डोळ्यांजवळ धरलं की ते उगाच मोठं दिसतं. पट्टा आणि मनगट यांत करंगळीचं टोक जेमतेम जावं. उकाड्यात, दुपारनंतर मनगट थोडं फुगतं, म्हणून कडी काढायची घाई नको. बकलमधली इझीलिंक कडी उघडली की पट्टा ५ मिमी वाढतो.

आता खरी गंमत, कडेच्या दोन स्टॉपवॉच बटणांची. ती स्क्रूची असतात, त्यामुळे सरळ दाबली तर हलत नाहीत, आणि नवखा माणूस इथेच जोर लावतो. दोन्ही आधी उलटी फिरवून सोडवा. वरचं दाबलं की मधला लांब काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबल्यावर तो बरोब्बर १२ वर यायला हवा. गाडीत किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ३० सेकंद लागले, तर कडेच्या टॅकीमीटरवर, म्हणजे वेग सांगणाऱ्या आकड्यांच्या कड्यावर, १२० वाचता येतं, म्हणजे ताशी १२० किमी. काढून ठेवताना बटणं पुन्हा पिळून घट्ट बसवा.