यूकेत हीट पंप बसवायचाय? कोट (दरपत्रक) सही करायच्या आधी एवढं बघा

मंडळी, इंग्लंड किंवा वेल्समध्ये स्वतःचं घर आहे आणि गॅस बॉयलर आता कुरकुर करतोय, तर नवीन बॉयलरचे पैसे भरायच्या आधी जरा थांबा. सरकारच्या बॉयलर अपग्रेड स्कीममधून एअर सोर्स हीट पंपाला (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात खेचणारं यंत्र) ७,५०० पाउंड मिळतात (२०२२ ला स्कीम आली तेव्हा ५,००० होते, ऑक्टोबर २०२३ पासून वाढले). हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत हं. एमसीएस (अशा कामांचा दर्जा तपासणारी संस्था) सर्टिफाइड इन्स्टॉलर ऑफजेमकडे (वीज-गॅसची सरकारी नियामक संस्था) अर्ज करतो, तेवढी रक्कम कोटमधून वजा करतो, तुम्ही फक्त ऑफजेमने विचारलं की "हो, हा माझ्याच वतीने अर्ज करतोय" असं कन्फर्म करायचं. ईमेलचा स्पॅम फोल्डर बघत राहा, कारण ग्रँटचं व्हाउचर तीन महिन्यांचंच असतं. स्कॉटलंडवाल्यांची योजना वेगळी, तिथे होम एनर्जी स्कॉटलंडकडे आपणच अर्ज करायचा आणि मंजुरी येईपर्यंत कामाला हात लावू द्यायचा नाही.

आता सरकार एवढं उदार का झालंय? तर २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख पंप बसवायचं टार्गेट आधी घेतलं होतं, आणि एका हातात ग्रँट असली तरी दुसऱ्या हातात छडी आहे. एप्रिल २०२५ पासून बॉयलर कंपन्यांना बॉयलर विक्रीच्या ठरावीक टक्के (पहिल्या वर्षी ६) हीट पंप विकावेच लागतात, कमी पडले तर प्रत्येक पंपामागे ५०० पाउंड. आधी हा दंड ३,००० ठरला होता आणि २०२४ लाच लागू होणार होता, पण काही कंपन्यांनी आधीच बॉयलरच्या किमती वाढवल्या, आरडाओरडा झाला, सरकारने पाय मागे घेतला. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की कंपन्यांनाही आता पंप खपवायचेत, तेव्हा तीन कोट घ्या आणि बिनधास्त घासाघीस करा. व्हॅट मार्च २०२७ पर्यंत शून्य आहे, कोटमध्ये २० टक्के लावलेला दिसला तर लगेच विचारा.

इन्स्टॉलर्सना ट्रेनिंगसाठीही सरकारने ५०० पाउंडांपर्यंत दिले, चांगलंच झालं, पण म्हणजे नुकताच कोर्स करून आलेलाही तुमच्या दारात येऊ शकतो. आधी केलेल्या एक-दोन घरांचे नंबर मागा, फोन करून बिल विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं हीट लॉस सर्व्हे, म्हणजे घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याची मोजणी. खोलीखोलीत जाऊन भिंती, खिडक्या, रेडिएटर मोजले पाहिजेत, नुसता पोस्टकोड टाकून "आठ किलोवॅट लागेल" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. विचारायचं काय, तर फ्लो टेंपरेचर (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) किती धरलंय. ४५ अंश धरलं तर काही रेडिएटर मोठे करावे लागतील, ५५ धरलं तर कोट स्वस्त दिसेल पण वीज जास्त खाईल. आणि इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे, विसरू नका. ७४२ घरांच्या सरकारी ट्रायलमध्ये एअर सोर्सचा मधला आकडा २.८ च्या आसपास आला, म्हणजे एक युनिट विजेतून पावणेतीन युनिट उष्णता, तेवढ्यावर नेहमीच्या टॅरिफमध्ये बिल कमी होत नाही. साडेतीनच्या वर डिझाइन हवं आणि हीट पंपाचा टॅरिफ हवा, ऑक्टोपसच्या कोझीसारखा, ज्यात दिवसातून तीनदा वीज स्वस्त मिळते.

आपल्या घरांच्या दोन खास भानगडी. एक, कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा) गेला की गरम पाण्याची टाकी येते, तिला जागा लागते. आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येणार असतील तर सर्व्हेला आलेल्या माणसाला आत्ताच सांगा, नाहीतर सकाळी चौथ्या माणसाची अंघोळ गार पाण्याने. दुसरं म्हणजे फुलके. ज्योतीवर फुगवायचे म्हणून गॅसची शेगडी ठेवलीत तर गॅसचा स्टँडिंग चार्ज (कनेक्शनचा ठरलेला रोजचा आकार) रोज चालूच राहतो. हे घरात आधी मिटवून घ्या, इंडक्शनवर तव्यातच फुगवायची तयारी असेल तर गॅसचं कनेक्शनच बंद करता येतं.

बाहेरच्या युनिटसाठी शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर लांबचा नियम इंग्लंडमध्ये मे २०२५ ला गेला, त्यामुळे टेरेस हाउसवाल्यांचंही (भिंतीला भिंत लागून असलेली घरं) काम सोपं झालं, आवाजाची मर्यादा मात्र आहेच. फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर) असेल तर फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) परवानगी आधी लेखी घ्या, मगच सर्व्हेला बोलवा.

काम झाल्यावर इन्स्टॉलर निघायच्या आधी वेदर कॉम्पेन्सेशन (बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान आपोआप कमीजास्त करणारी सोय) चालू करून घ्या आणि एमसीएस सर्टिफिकेट मागून ठेवा.